डावीकडे अडलेले मोठे आतडे: गाठ आधी काढायची की वाट आधी मोकळी करायची?

रात्री साडेदहाला ६२ वर्षांच्या आजी दाखल झाल्या. पाच दिवस शौचाला झालेली नव्हती, दोन दिवसांपासून वारा सरत नव्हता, पोट ढोलासारखे ताणलेले. उलटी मात्र त्याच संध्याकाळी पहिल्यांदा झाली. एवढ्यावरून अडथळा मोठ्या आतड्यात, तोही बहुधा डाव्या बाजूला, असा अंदाज येतो. लहान आतडे अडले तर उलट्या आधी सुरू होतात आणि पोट मागाहून फुगते. मोठे आतडे अडले की हा क्रम बदलतो.

(हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचे नाही. अशा रुग्णांत जे वारंवार दिसते ते एकत्र करून, निर्णयांचा क्रम कळावा म्हणून मांडले आहे.)

मागची हकिकत ओळखीची आहे. चार महिने शौचाची सवय बदललेली: तीन दिवस खडा, मग एक दिवस पातळ. अधूनमधून रक्त. रक्त म्हणजे मूळव्याध, असे घरच्यांनी धरले आणि गुदद्वारात बोट घालून तपासल्याशिवाय दोन ठिकाणी मूळव्याधीचे औषधही मिळाले. शेवटच्या आठवड्यात रोज रात्री रेचक चूर्ण, त्यावर एरंडेल. पुढची वाट बंद असताना रेचक घेतले की आतडे जोर लावत राहते, आत पाणी ओढले जाते आणि फुगवटा वाढतो. दाखल होण्याआधीचे शेवटचे दोन दिवस त्यामुळेच इतके वाईट गेले.

वजन ४८ किलो, उंची १५० सेंमी. नाडी ११८, रक्तदाब १००/६४. हिमोग्लोबिन ८.६, अल्ब्युमिन (रक्तातले प्रथिन; कमी म्हणजे पोषण खालावलेले) २.९, पोटॅशियम ३.१, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचे माप; वाढले म्हणजे काम मंदावलेले) १.६. पोट फुगलेले पण मऊ. उजव्या कुशीत दाबल्यावर दुखत नव्हते. ही शेवटची नोंद पुढच्या सगळ्या निर्णयाचा पाया ठरली.

पहिले चार तास शस्त्रक्रियेचे नव्हतेच. राइल्स ट्यूब (नाकातून जठरात घातलेली नळी), लघवीची नळी, दोन लिटर रिंगर लॅक्टेट, लघवी सुरू झाल्यावर त्यात पोटॅशियम, सेफ्ट्रियाक्सोन आणि मेट्रोनिडाझोल. लघवी तासाला निदान २४ मिली, म्हणजे किलोमागे अर्धा मिली, यायला लागेपर्यंत भूल द्यायची घाई केली नाही. क्रिएटिनिन वाढलेले दिसले की शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्रात रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायचे औषध) न देता सीटी उरकण्याचा मोह होतो. पण कॉन्ट्रास्टशिवाय आतड्याच्या भिंतीला रक्त पोहोचते आहे की नाही हे कळत नाही, आणि इथे नेमके तेच कळायला हवे होते. सलाइनने शिरा भरल्यावर कॉन्ट्रास्टसह सीटी झाले.

सीटीत सिग्मॉइडमध्ये (गुदाशयाच्या लगेच वरचा, मोठ्या आतड्याचा डावीकडचा भाग), गुदद्वारापासून सुमारे २४ सेंमीवर, ५ सेंमी लांबीचा अरुंद पट्टा दिसला. तिथे आतड्याला तीव्र वळण. त्याच्या मागचे सारे मोठे आतडे फुगलेले, लहान आतडे जवळजवळ नेहमीसारखे, सीकमचा (मोठ्या आतड्याची उजवीकडची सुरुवात) व्यास १०.५ सेंमी. भिंतीत हवा नाही, पोटात मोकळी हवा नाही, यकृत आणि फुप्फुसे स्वच्छ. सीईए (या कर्करोगात रक्तात वाढणारे एक प्रथिन) १४.

लहान आतडे फुगलेले नाही ही बाब इथे दिलासा देणारी नाही. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची झडप घट्ट बंद आहे, असा तिचा अर्थ. पुढे गाठ, मागे झडप, मधले आतडे दोन्ही टोकांनी कोंडलेले. आतला दाब सगळीकडे सारखा असला तरी ज्या नळीचा व्यास मोठा तिच्या भिंतीवरचा ताण जास्त, म्हणून गाठ डावीकडे असूनही फाटते ते उजवीकडचे सीकम. व्यास ९ सेंमीच्या पुढे गेला की सावध व्हायचे, १२ सेंमी म्हणजे कधीही फाटू शकते. वेळ होता, पण तो तासांत मोजण्याइतकाच.

समोर असलेल्या वाटा

गाठ उजवीकडे असती तर चर्चा छोटी झाली असती. उजव्या बाजूच्या अडथळ्यात बहुतेक वेळा उजवा अर्धा भाग काढून लहान आतडे उरलेल्या मोठ्या आतड्याला तिथल्या तिथे जोडता येते. लहान आतड्याचा रक्तपुरवठा भरपूर असल्याने हा जोड सहसा धरतो. डावीकडे मात्र मळाने भरलेले, भिंत सुजलेले मोठे आतडे गुदाशयाला जोडायचे असते.

रात्री सर्वांत सवयीची शस्त्रक्रिया हार्टमनची. फ्रेंच शल्यविशारद आंरी हार्टमन यांनी ती १९२१ साली मांडली. गाठीसह सिग्मॉइड काढायचा, खालचे टोक शिवून पोटात सोडायचे, वरचे टोक डाव्या कुशीवर शौचाचे तोंड म्हणून आणायचे. जोडच नाही, त्यामुळे जोड गळण्याची भीती नाही, आणि गाठ पहिल्या दिवशीच बाहेर. सीकम किंवा गाठ फुटून पोटात मळ पसरला असता तर या वाटेवर वाद घालायचे कारण नव्हते. पण इथे फुटलेले काही नव्हते. फुगलेल्या आतड्यांनी पोट भरलेले असताना मोठा छेद घ्यावा लागतो, रक्तवाहिनीच्या मुळापर्यंत पोहोचून लसिका ग्रंथी नीट काढणे अवघड जाते, आणि ते काम रात्री तीन वाजता, अल्ब्युमिन २.९ असताना करायचे. आतडे पुन्हा जोडणे हीही पोट उघडून करायची मोठी शस्त्रक्रिया असते. वय, अशक्तपणा आणि केमोथेरपी यांत अनेकांची ती राहूनच जाते. मळ गोळा करायला त्या तोंडावर ‘तात्पुरती’ म्हणून लावलेली पिशवी मग कायमची होते.

दुसरी वाट, त्याच वेळी काढून त्याच वेळी जोडणे. त्यासाठी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच अपेंडिक्सच्या जागेतून फोली नळी घालून सगळे मोठे आतडे सलाइनने धुऊन काढतात. तासभर जास्त लागतो. तरुण, रक्त चांगले असलेल्या रुग्णात अनुभवी हाताला हे जमते. इथे रुग्णाची प्रकृती आणि वेळ, दोन्ही विरुद्ध होते.

तिसरी, जवळजवळ पूर्ण मोठे आतडे काढून लहान आतडे खाली जोडणे. सीकमची भिंत काळी पडली असेल किंवा वर दुसरी गाठ असेल तर हीच योग्य. एरवी तिची किंमत दिवसाला चार-सहा वेळा पातळ शौच. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या स्कोशिया चाचणीत ही शस्त्रक्रिया आणि टेबलावर आतडे धुऊन फक्त डावा भाग काढणे यांची तुलना झाली होती. पूर्ण आतडे काढलेल्यांना शौचाला जास्त वेळा जावे लागत होते. जिच्या घरचा संडास अंगणापलीकडे आहे अशा बाईसाठी हा आकडा कागदावरचा राहत नाही.

चौथी, स्टेंट. दुर्बिणीतून २२ ते २५ मिमी व्यासाची जाळीची धातूची नळी गाठीच्या आरपार बसवायची, आतडे रिकामे होऊ द्यायचे आणि साधारण दोन आठवड्यांनी ठरवून, शांतपणे शस्त्रक्रिया करायची. पोटावर छेद नाही, पिशवी नाही. युरोपीय एंडोस्कोपी संघटनेने २०१४ मध्ये सरसकट अशा वापराला नकार दिला होता. २०२० मध्ये रुग्णाशी बोलून निवडायचा पर्याय म्हणून त्याला जागा दिली. भीती छिद्राची. गाठीजवळ आतडे फाटले तर बरा होऊ शकणारा कर्करोग पोटभर पसरण्याची शक्यता निर्माण होते. स्टेंट घालण्यापूर्वी किंवा नंतर फुग्याने वाट रुंद करायची नाही, हा नियम त्याचसाठी. या रुग्णात गाठ नेमकी वळणावर होती, तार आरपार नेणे अवघड होते, आणि रात्री क्ष-किरण पडद्याखाली स्टेंट बसवणारा अनुभवी माणूस हजर नव्हता. सकाळी दुसऱ्या शहरात पाठवायचे तर वाटेत सीकम फाटण्याचा धोका पत्करायचा. स्टेंट चांगला पर्याय आहे, पण जिथे तो रोज बसवला जातो तिथे.

उरली पाचवी आणि सगळ्यांत जुनी: गाठीला हात न लावता वरच्या बाजूला शौचाचे तोंड काढायचे, आणि माणूस सावरला की कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरवून करायची. मधल्या काळात ही पद्धत मागे पडली होती. आपत्कालीन शल्यचिकित्सेच्या जागतिक संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शनातही साध्या कोलोस्टोमीपेक्षा (नुसते मोठ्या आतड्याचे तोंड काढणे) हार्टमनला पसंती होती, कारण शस्त्रक्रियांची संख्या आणि रुग्णालयातले दिवस वाढतात. त्यानंतर नेदरलँड्सच्या राष्ट्रीय नोंदींतून आलेल्या तुलनेत, तोंड काढून नंतर गाठ काढलेल्या रुग्णांत मृत्यू आणि कायमच्या पिशव्या दोन्ही कमी दिसले. अशक्त, रक्त कमी, पण सीकम शाबूत, अशा रुग्णात आमचा कौल या वाटेला आहे. तीच निवडली.

मुलाचा प्रश्न अपेक्षित होता: “डॉक्टर, गाठ काढणारच नाही, तर मग ऑपरेशन कशाचं?” उत्तर घुमवून द्यायचे नाही. “आज आईंचा जीव वाचवायचा. गाठ महिनाभरानं काढली तर ती जास्त नीट निघेल. त्यासाठी आणखी एक ऑपरेशन, आणि पिशवी काढायला कदाचित तिसरं.” तीन हा आकडा सुरुवातीलाच सांगितला नाही, तर दुसऱ्या वेळी नातेवाईक समोर येतात ते चिडूनच.

तोंड कुठे आणि कसे

लहान आतड्याचे तोंड काढणे सोपे असते म्हणून कधी कधी तेच काढले जाते. घट्ट झडपेच्या रुग्णात ते निरुपयोगी आहे: झडपेच्या अलीकडचे रिकामे होते, पलीकडे कोंडलेले मोठे आतडे तसेच कोंडलेले राहते. तोंड मोठ्या आतड्याचेच हवे.

सिग्मॉइडमध्ये, गाठीच्या थोडे वर काढले तर पुढच्या शस्त्रक्रियेत तो भाग गाठीबरोबरच निघून जातो, हा मोठा फायदा. पण सुजलेला, आखूड झालेला सिग्मॉइड वर ओढला जात नव्हता. म्हणून आडव्या कोलनचा (मोठ्या आतड्याचा पोटात आडवा जाणारा भाग) उजवा भाग. डावा भाग मुद्दाम टाळला, कारण नंतर प्लीहेजवळचे वळण सोडवून डावे आतडे खाली आणावे लागले, तर पोटाच्या भिंतीला बांधलेला आडवा कोलन आड येतो.

जागा शस्त्रक्रियेआधी, जागेपणीच, शाईने खुणावली. आजी नऊवारी नेसणाऱ्या, मांडी घालून बसणाऱ्या. उभे राहून, बसून आणि पुढे वाकून पाहिले. कंबरेच्या गाठीच्या वर, बरगडीच्या कडेपासून चार बोटे खाली आणि पोटाच्या वळीपासून दूर अशी जागा निघाली. आडव्या रुग्णावर अंदाजाने काढलेले तोंड बसल्यावर वळीत जाते, पिशवीची चकती चिकटत नाही, मळ कातडीवर येतो आणि आठवड्यात कातडी सोलवटते.

६ सेंमीचा आडवा छेद. फुगलेले आतडे तसेच बाहेर ओढले तर भिंतीचा वरचा थर चिरतो. म्हणून आधी तेनियावर (मोठ्या आतड्यावरून लांबीने जाणारा स्नायूचा पट्टा) जाड सुई टोचून, तिला सक्शन लावून हवा काढली. हाती आलेले खरोखर आडवे कोलनच आहे याची खात्री दोन खुणांनी: चिकटलेला मेदपडदा आणि तेनियाचे पट्टे. घाईत जठर वर ओढल्याची उदाहरणे आहेत. आतडे आत सरकू नये म्हणून त्याखालून आधाराची नळी नेण्यासाठी मेसेंटरीत (आतड्याला रक्तवाहिन्या पोहोचवणारा पडदा) खिडकी केली, ती आतड्याच्या भिंतीला अगदी लागून. इथे अर्धा सेंमी महत्त्वाचा आहे. आतड्याच्या कडेने धावणारी मार्जिनल धमनी याच मेसेंटरीत असते. तीन आठवड्यांनी डावीकडच्या मुख्य वाहिनीला गाठ मारली की खाली जोडायच्या आतड्याचे रक्त मुख्यतः हिच्यातूनच येणार. आज ती दुखावली तर त्याची फळे महिन्यानंतरच्या जोडाला भोगावी लागतात, आणि तेव्हा कारण कुणाला आठवतही नाही.

आतडे उघडून कडा कातडीला ३-० विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवल्या. हवा आणि पातळ मळ टेबलावरच आला. इतक्या लहान छेदातून सीकम दिसत नाही, ही या पद्धतीची खरी उणीव. म्हणून पुढचे २४ तास दर चार तासांनी उजवी कुशी हाताने तपासली. दाब उतरल्यावरही तिथे दुखले असते किंवा नाडी खाली आली नसती, तर पोट उघडणे ठरलेले होते. सकाळी नाडी ९२.

मधले २४ दिवस

आधाराची नळी सहाव्या दिवशी काढली. सुनेला चकती बसवायला शिकवले: तोंडाच्या मापापेक्षा २-३ मिमी मोठे भोक, कातडी फक्त पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी, पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी. आडव्या कोलनचा मळ पातळसर असतो. ‘जुलाब लागले’ म्हणून घरी जेवण बंद करू नये, हे वेगळे सांगावे लागते.

शिरेतून लोह ५०० मिग्रॅ, सात दिवसांच्या अंतराने दोनदा. अंडी, दूध, डाळ, रोज चालणे. २३ व्या दिवशी हिमोग्लोबिन १०.४, अल्ब्युमिन ३.३, क्रिएटिनिन ०.८.

या काळाचा सर्वांत मोठा उपयोग दुर्बिणीने झाला. अडलेल्या आतड्यात गाठीच्या वरचे दिसत नाही, आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात शंभरातल्या तीन ते पाच जणांत त्याच वेळी दुसरी गाठही असते. इथे खालून गाठीपर्यंत जाऊन तुकडा घेतला: मध्यम विभेदित अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे आतड्याच्या अस्तराचा कर्करोग. पोटावरच्या तोंडातून वर सीकमपर्यंत आणि खाली गाठीच्या वरच्या कडेपर्यंतही पाहता आले. खालची बाजू धुताना एका वेळी २०० मिलीच, उतारावर सोडलेले कोमट सलाइन. पुढे अडथळा आहे हे विसरून लिटरभर सोडले तर तोच दाब पुन्हा तयार होतो. चढत्या कोलनमध्ये ८ मिमीचा पॉलिप सापडला, तो तिथेच काढला. तिथे कर्करोग निघाला असता तर सगळा बेत बदलून जवळजवळ पूर्ण आतडे काढावे लागले असते.

दुसरी शस्त्रक्रिया

चोविसाव्या दिवशी दुर्बिणीतून (म्हणजे पोटावरच्या छोट्या छिद्रांतून, लॅपरोस्कोपीने) सिग्मॉइड काढायची शस्त्रक्रिया. दुर्बिणीतून केल्याने कर्करोगाचा निकाल खालावत नाही, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीने दाखवले आहे. अट एवढीच की आतडे फुगलेले नसावे आणि हात सरावलेला असावा.

पोटावरचे तोंड शिवून, झाकून घेतले. रुग्ण डोके खाली, डावी बाजू वर. मेसेंटरी आतून बाहेर सोडवत नेली. खालच्या मेसेंटरिक धमनीच्या मुळाशी, महाधमनीजवळ, मागे पसरलेले मज्जातंतू वाचवले आणि डावी मूत्रवाहिनी प्रत्यक्ष दिसल्याशिवाय काहीही कापले नाही. कर्करोगात धमनी मुळाशी बांधायची पद्धत आहे. इथे मुळाजवळच्या ग्रंथी काढल्या, पण डावी कोलिक शाखा राखून तिच्या खाली गाठ मारली. मार्जिनल धमनीच्या शेजारून एकदा खिडकी झालेली होती. सगळा भार पुन्हा तिच्यावर टाकायला नको होता. गाठीच्या खाली ५ सेंमी आणि वर १० सेंमी सोडून आतडे कापले. ओटीपोटावरच्या छोट्या आडव्या छेदातून, कडांना प्लास्टिकचे आवरण लावून, तुकडा बाहेर काढला.

तोंड आणि कापलेले टोक यांमधल्या आतड्यात जुना मळ उरतो. तो तसाच ठेवला तर जोडावरून पुढे काही जात नाही ही समजूत खोटी ठरते. तोंडाच्या खालच्या भोकातून फोली घालून, कापलेल्या टोकाकडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतले. मग २९ मिमीच्या गोल स्टेपलरने जोड. स्टेपलरने दोन्ही टोकांच्या कापलेल्या कड्या पूर्ण आल्या. ओटीपोटात सलाइन भरून गुदद्वारातून हवा सोडली, बुडबुडे नाहीत.

तोंड त्याच वेळी बंद करायचे का? केले असते तर तिसरी शस्त्रक्रिया वाचली असती. पण अल्ब्युमिन ३.३ असताना एकाच दिवशी आतड्यावर दोन जोड, आणि दुसरा नेमका त्याच मार्जिनल धमनीच्या शेजारी. ठेवले.

तिसऱ्या दिवशी सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) १८६. त्या दिवशी १५० च्या वर असेल तर पोट मऊ असले तरी शोध घ्यायचा. चौथ्या दिवशी नाडी ११०, ताप ३८.२. गुदद्वारातून कॉन्ट्रास्ट देऊन सीटी केले: जोडाच्या मागे हवेसह २.५ सेंमीचा कप्पा. म्हणजे जोड थोडा गळला होता. कड्या पूर्ण आणि बुडबुडे नाहीत, तरीही असे होते; त्या चाचण्या त्या क्षणीचे छिद्र दाखवतात, नंतर कुठल्या कडेचे रक्त कमी पडेल ते नाही. कप्पा लहान, पोटभर पसरलेले काही नाही आणि मळ वरच वळवलेला, त्यामुळे पोट उघडावे लागले नाही. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम दर आठ तासांनी सात दिवस. तेराव्या दिवशी घरी. रक्त गोठू नये म्हणून इनॉक्सापॅरिन ४० मिग्रॅ पोटाच्या कातडीत एकूण २८ दिवस.

पॅथॉलॉजी आणि पुढे

गाठ स्नायूच्या थराबाहेर, १८ पैकी २ ग्रंथींत रोग, कडा मोकळ्या: टी३ एन१बी, तिसरी पायरी. १२ पेक्षा कमी ग्रंथी तपासल्या असत्या तर ‘रोग नाही’ या उत्तरावरही भरवसा ठेवता आला नसता. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ ही चारही प्रथिने शाबूत, त्यामुळे लिंच सिंड्रोमचा (घराण्यात चालणारा, या कर्करोगाचा धोका वाढवणारा जनुकीय दोष) संशय फारसा उरला नाही.

गळतीमुळे केमोथेरपी सातव्या आठवड्यात सुरू झाली. आठव्याच्या पुढे ढकलायची नव्हती. टी३ एन१ साठी कॅपॉक्सचे (कॅपेसिटाबिन आणि ऑक्सालिप्लॅटिन) तीन महिने पुरतात. आतडे अडले होते म्हणून सहा महिने द्यावेत असे काही डॉक्टर मानतात, पण अडथळा हा दुसऱ्या पायरीत केमो द्यायची की नाही हे ठरवणारा घटक आहे. इथे केमो ठरलेलीच होती. शरीराचे क्षेत्रफळ १.४१ चौ. मी.: पहिल्या दिवशी ऑक्सालिप्लॅटिन १८० मिग्रॅ, कॅपेसिटाबिन सकाळी व संध्याकाळी १५०० मिग्रॅ चौदा दिवस, मग सात दिवस विश्रांती, अशी चार चक्रे. क्रिएटिनिन ०.८ दिसायला उत्तम, पण या वजनाला आणि वयाला त्याचे क्लिअरन्स (मूत्रपिंडे ते रक्तातून किती वेगाने काढतात) मिनिटाला ५५ मिलीच येते. ५० च्या खाली गेले की कॅपेसिटाबिन पाऊणपट करायचे. म्हणून प्रत्येक चक्राआधी नवे गणित. माठाचे किंवा फ्रिजचे गार पाणी चार-पाच दिवस बंद, नाहीतर घसा आणि बोटे झिणझिणतात.

शेवटच्या चक्रानंतर सहा आठवड्यांनी गुदद्वारातून कॉन्ट्रास्ट: जोड रुंद, कप्पा नाहीसा. तोंड बंद केले, कातडी पूर्ण न शिवता बटव्याच्या नाडीसारख्या टाक्याने मध्ये छोटे भोक ठेवून आवळली, कारण या जागेत पू होणे नेहमीचे. तिसऱ्या दिवशी वारा सरला, चौथ्या दिवशी शौच. सीईए दर तीन महिन्यांनी, छाती-पोटाचे सीटी वर्षातून एकदा, आणि मोठ्या शस्त्रक्रियेपासून वर्षाने पूर्ण कोलोनोस्कोपी, या तारखा डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून सुनेकडे दिल्या.